इस्तंबूलमध्ये तुर्की शिकताना पहिले दिवस: मराठीतून शिका आणि एकच मोहल्ला धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचा एक विद्यार्थी सप्टेंबरात आठ महिन्यांच्या तुर्की भाषावर्गासाठी इस्तंबूलला चालला आहे. राहायची सोय फातिह भागात झाली आहे. इंग्रजी बेताचं असल्यामुळे वर्गात मागे पडू का, ही त्याची पहिली काळजी. पहिल्या दिवसांत नेमकं काय करावं, हा दुसरा प्रश्न. आणि तिसरा, खोलीपासून जवळच असलेला बालात-फेनेर हा जुना भाग लगेच एकट्याने फिरावा, की थोडी भाषा आल्यावर.

मी नऊ महिने इस्तंबूलला राहून तुर्की शिकले आणि गेली बारा वर्षं तुर्कीतून भाषांतरं करते, शिकवतेही. अनुभवाने सांगते, इंग्रजीची काळजी आजच सोडून द्या. तुमच्याकडे मराठी आहे आणि तुर्की शिकायला ती इंग्रजीपेक्षा कितीतरी कामाची आहे. ही गोष्ट मला तिकडे जाण्याआधी कुणी सांगितली नाही. सगळी पुस्तकं इंग्रजीतून, म्हणून मीही प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत मांडायचे आणि मग तुर्कीत उलटंपालटं करत बसायचे. त्यात माझे दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘मी काल बालातला गेलो’ हे वाक्य घ्या. तुर्कीत ‘बेन द्युन बालाता गित्तिम’. बेन म्हणजे मी, द्युन म्हणजे काल, बालाता म्हणजे बालातला, गित्तिम म्हणजे गेलो. एक शब्दही हलवावा लागला नाही. क्रियापद शेवटी, विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागे, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. एव म्हणजे घर, एवदे घरात, एवदेन घरातून, एवे घरी. वर्गात माझ्या शेजारी बसणारी युरोपातली मुलं या प्रत्ययांनी हैराण व्हायची. आपल्याला शाळेत प्रथमा ते संबोधन घोकून घेतलेलं असतं, त्याचं चीज इथे होतं. शिवाय आपल्याकडे रस्ता म्हटल्यावर रस्त्यात, घोडा म्हटल्यावर घोड्याला असं मूळ शब्दाचं रूप बदलतं. तुर्कीत बहुतेक शब्द जसाच्या तसा राहतो. लिंगही नाही. तो, ती, ते या तिघांना मिळून एकच ‘ओ’.

याहून महत्त्वाचे आहेत जोडवाक्यांचे सांधे. इंग्रजीतून शिकणारा तिथेच अडकतो आणि मराठी माणूस सहज पुढे जातो. ‘गिदिप गेल्दिम’ म्हणजे ‘जाऊन आलो’. आपला ‘ऊन’ तो त्यांचा ‘इप’. ‘गिदेरकेन’ म्हणजे ‘जाताना’. ‘द्युन ग्योर्द्युयुम एव’ म्हणजे ‘मी काल पाहिलेलं घर’; इंग्रजीत इथे घर आधी येतं आणि त्याचं वर्णन मागून जोडावं लागतं, आपल्याकडे ‘लेलं’ लावलं की काम झालं. आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘गेलेजेक दिये बेकलेदिम’, म्हणजे ‘येईल म्हणून वाट पाहिली’. हा ‘दिये’ त्यांच्या ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलेला आहे, आपला ‘म्हणून’ जसा आला तसाच. दोन भाषांचं गोत्र एक नाही, तरी माणसाने बोलायची सोय सारखीच शोधून काढली. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून नुसती बसून राहिले होते.

प्रश्न विचारतानाही तसंच. ‘गेलियोर मुसुन?’ म्हणजे ‘येतोयस का?’ आपला ‘का’ शेवटी येतो, त्यांचा ‘मु’ही शेवटाकडेच येतो आणि ‘तू’चा प्रत्यय त्यालाच चिकटतो. आपण ‘चहाबिहा’ म्हणतो, ते ‘चाय-माय’ म्हणतात. पुस्तकबिस्तक, किताप-मिताप. आपल्या ‘ब’च्या जागी त्यांचा ‘म’, एवढाच फरक.

आता एक रूप जरा थांबून बघा, कारण तुर्की शिकणारा परदेशी माणूस यावर महिनोन् महिने अडतो. ‘गेल्दि’ म्हणजे आला. मी डोळ्यांनी पाहिलं. ‘गेलमिश’ म्हणजे आला म्हणे, किंवा आलाय वाटतं. मी पाहिलं नाही, कुणी सांगितलं किंवा खुणेवरून कळलं. पुस्तकात यावर पानंच्या पानं असतात. मला हे बालातच्या एका गल्लीत कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडत होत्या, खाली किराणावाला त्यात पाव आणि अंडी ठेवत होता. मी शेजारच्या पायरीवर बसले होते. समोरच्या खिडकीतल्या बाईंनी आजींना विचारलं, ही कोण? आजी म्हणाल्या, ‘हिन्दिस्तान्दान गेलमिश.’ हिंदुस्थानातून आलीय म्हणे. किराणावाल्याला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, त्याने आजींना सांगितलं असणार. एका शब्दात ती सगळी साखळी होती. त्या दिवसानंतर ‘मिश’ मला कुणाला विचारावा लागला नाही. तुम्हीही वहीत ‘मिश’समोर इंग्रजी अर्थ लिहू नका. ‘म्हणे’ लिहा.

उच्चारांबाबत मात्र सावध राहा, कारण तिथे मराठीची मदत अपुरी पडते. लिपी रोमन आहे, पण अक्षरांची किंमत वेगळी. इंग्रजी ‘सी’ म्हणून ओळखतो ते अक्षर तिथे ‘ज’ आहे. मशिदीच्या पाटीवर ‘कामी’ वाचू नका, ते ‘जामी’ आहे. टिंब असलेला ‘आय’ आणि टिंब नसलेला ‘आय’ ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. टिंबवाला म्हणजे आपली इ. बिनटिंबाचा म्हणायला ‘ऊ’ म्हणा आणि म्हणता म्हणता ओठ सैल सोडा. दोन टिंबांच्या ‘यू’साठी ‘ई’ म्हणा आणि जीभ तिथेच ठेवून ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. दोन टिंबांच्या ‘ओ’साठी ‘ए’ म्हणत ओठ ‘ओ’सारखे करा. आरशासमोर रोज दहा मिनिटं, पहिले दहा दिवस, न चुकता. कारण ‘ओल्दु’ म्हणजे झालं, आणि त्यातले दोन्ही स्वर टिंबांचे केले की अर्थ होतो मेला. घरमालकिणीला ‘काम झालं’ सांगताना हा घोटाळा बरा दिसत नाही. देवनागरीत हे स्वर नेमके लिहिताच येत नाहीत. मी इथे जे उच्चार देते आहे तेही जवळपासचे आहेत, म्हणून कानाने ऐकूनच पक्के करा.

आता जुन्या भागाबद्दल. माझं उत्तर स्पष्ट आहे. भाषा येईपर्यंत थांबू नका, पहिल्याच आठवड्यात जा. पण पर्यटक म्हणून एका दिवसात उरकू नका. वर्ग सुटल्यावर रोज तासभर, त्याच दोन-तीन गल्ल्या. अख्खं इस्तंबूल बघायला आठ महिने आहेत. पहिले दहा दिवस एकाच मोहल्ल्याला द्या. त्यांचाही शब्द ‘माहाल्ले’च आहे.

बालात आणि फेनेर हे शेजारी-शेजारी, गोल्डन हॉर्नच्या काठाने चढावर वसलेले. त्या पाण्याला तुर्कीत हालिच म्हणतात, म्हणजे खाडी. काठाने टी-५ ट्राम जाते, तिला फेनेर आणि बालात असे दोन वेगळे थांबे आहेत. फेनेरला उतरा आणि बालातपर्यंत आतल्या गल्ल्यांनी चालत जा. फेनेर म्हणजे कंदील. मूळ ग्रीक शब्द, आणि आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला ‘फानूस’ त्याच ग्रीक कुळातला.

इथल्या पाट्या हेच तुमचं पहिलं पाठ्यपुस्तक. बालातच्या बाजारात लेब्लेबिजिलेर नावाची गल्ली आहे. लेब्लेबि म्हणजे फुटाणे, ‘जि’ म्हणजे वाला, ‘लेर’ म्हणजे अनेकवचन. फुटाणेवाल्यांची गल्ली. एका पाटीत तीन धडे झाले. मग चायजि, सिमितजि (सिमित म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव) आपोआप कळतात, आणि गल्लीतून हातगाडी ढकलत ‘एस्किजी’ असा हेल काढत जाणारा माणूसही कळतो. एस्कि म्हणजे जुनं. तो आपला भंगारवाला. पुढे मेर्दिवेनली योकुश लागेल, रंगीत घरांचे फोटो सगळे जिथे काढतात तो उतार. मेर्दिवेन म्हणजे जिना, ‘ली’ म्हणजे असलेला, योकुश म्हणजे चढ. पायऱ्यांचा चढ. हाच ‘ली’ चहात ‘शेकेरली’ म्हणून येतो, आणि नको असेल तर ‘शेकेरसिझ’. शेकेर म्हणजे साखर, हे सांगायला नको.

चढावर एक छोटं, लाल रंगाचं चर्च आहे, तुर्की नाव कानली किलिसे. कान म्हणजे रक्त, तेव्हा तुम्ही आता स्वतःच फोड करू शकाल. ते तेराव्या शतकातल्या मारिया पालेओलोगिनाशी जोडलेलं आहे. ही बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट आठव्या मिखाइलची मुलगी. तिला मंगोल हुलागू खानाशी लग्न करायला पाठवलं होतं. ती पोहोचेपर्यंत तो वारला, म्हणून त्याचा मुलगा अबाका याच्याशी लग्न झालं. अबाका गेल्यावर ती परत आली आणि मठात राहिली. ऑटोमन काळात शहरातल्या किती तरी बायझंटाइन चर्चच्या मशिदी झाल्या, हे मात्र ग्रीकांकडेच राहिलं.

त्याच्या वरच्या अंगाला, अख्ख्या खाडीवर नजर ठेवून उभी असलेली लाल विटांची भव्य इमारत दिसेल. तो किल्ला किंवा चर्च नाही, शाळा आहे. फेनेरची ग्रीक शाळा, आताची वास्तू १८८१ ते १८८३ मधली. लोक तिला ‘किर्मिझि मेक्तेप’ म्हणतात. किर्मिझि म्हणजे लाल, आपला किरमिजी रंग. अधिकृत नावात ‘रूम लिसेसि’ आहे. ‘रूम’ म्हणजे इस्तंबूलचे ग्रीक, कारण ते पूर्व रोमच्या साम्राज्याचे वारस. आपल्याकडे हाच शब्द ‘रूमी’ म्हणून आला, तुर्कस्तानकडून आलेला माणूस या अर्थाने. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतली गेली, ती ओतणारा होता मुहम्मद बिन हसन रूमी. आणि ‘तोफ’ हा शब्दच तुर्की आहे. तिकडे गेलात की तोपकापि म्हणजे तोफेचा दरवाजा आणि तोपहाने म्हणजे तोफखाना हे कुणी न सांगता कळेल.

खाली पाण्याच्या कडेला बल्गेरियन लोकांचं देमिर किलिसे. देमिर म्हणजे लोखंड, आणि खरोखर ते लोखंडाचं आहे. भाग व्हिएन्नात ओतले, डॅन्यूब नदीतून आणि काळ्या समुद्रातून बोटीने आणले, इथे जोडले, १८९८ मध्ये चर्च उघडलं. लांबून कोरीव दगड वाटतो. जवळ जाऊन बोटाने टकटक करा, आवाज पत्र्याचा येईल. मोठी दुरुस्ती होऊन २०१८ मध्ये ते पुन्हा उघडलं. ग्रीक पॅट्रिआर्केट, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या धर्मप्रमुखांचं पीठ, तेही इथून चालत काही मिनिटांवर आहे. त्याचा मधला मुख्य दरवाजा १८२१ पासून बंद आहे. त्या वर्षी ईस्टरच्या दिवशी पॅट्रिआर्क पाचवे ग्रेगरी यांना तिथे फाशी दिलं गेलं. बाजूच्या दाराने आत जाता येतं. बालातमधलं आहरिदा सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते. फेर्रुह केतहुदा ही प्रसिद्ध ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानची १५६० च्या दशकातली छोटी मशीद मात्र वाटेतच आहे. नमाजाची वेळ टाळून, पादत्राणं काढून जा.

हे सगळं सांगते ते यादी म्हणून नाही. त्या भागात घरं आहेत, पण ज्यांनी बांधली ती माणसं बहुतेक निघून गेली, हे तुम्ही समजून फिरावं असं मला वाटतं. स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांनी इथे शतकानुशतकं संसार केले. १९४८ नंतर खूप जण इस्राएलला गेले. सप्टेंबर १९५५ च्या ग्रीकांविरुद्धच्या दंगली आणि १९६४ ची हकालपट्टी यांनंतर ग्रीक गेले. त्यांच्या रिकाम्या घरांत अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या, खेड्यांतून कामासाठी आलेली कुटुंबं राहू लागली. त्या टोपलीवाल्या आजी काळ्या समुद्राकडच्याच. तेव्हा कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली उभं राहून कुणाच्या दारात फोटो काढू नका. पहिला आठवडा फोन खिशातच राहू द्या. नंतर विचारा, ‘चेकेबिलिर मियिम?’ म्हणजे काढू का?

जागोजागी बंद पडलेल्या पाणपोया दिसतील, वर अरबी लिपीतला लेख. तुम्ही कुणा तरुणाला विचारलंत तर त्याला बहुधा वाचता येणार नाही. १९२८ मध्ये लिपी बदलली, नवी २९ अक्षरांची आली आणि आजोबांचं लिहिलेलं नातवाला परकं झालं. आपल्या घरातही मोडीतले कागद गाठोड्यात असतात आणि वाचणारं कुणी नसतं. हे मी एका चहावाल्याला माझ्या तुटक्या तुर्कीत सांगितलं, तर त्याने दुसरा चहा आणून ठेवला आणि माझ्यासमोर बसला. तो माझा पहिला खरा संवाद.

बोलायला सुरुवात कशी करायची? काम करत असलेल्या कुणाही माणसाजवळून जाताना ‘कोलाय गेलसिन’ म्हणा, म्हणजे तुमचं काम सोपं होवो. सुतार, भाजीवाला, रस्ता झाडणारा, कुणीही. ‘होश गेल्दिन’ म्हणून कुणी स्वागत केलं तर ‘होश बुल्दुक’ म्हणा. नाती लावायला लाजू नका, आपल्यासारखंच आहे. वयाने मोठ्या मुलाला आबी, ताईला आब्ला, काकांना आमजा. मावशीला तेय्झे आणि आत्याला हाला असे वेगळे शब्दही आहेत, पण अनोळखी बाईंना तेय्झेच म्हणतात. शिक्षकांना होजाम. तू आणि तुम्ही असा भेदही आहे, सेन आणि सिझ. पहिले दिवस सगळ्यांना सिझच म्हणा.

ओळखीचे शब्द शेकड्यांनी भेटतील, हवा, दुन्या, साबुन, देफ्तेर, हेसाप, हामाल. त्यांनी धीर येतो, पण काही फसवतात. ‘मिसाफिर’ म्हणजे पाहुणा. ‘गारिप’ म्हणजे विचित्र, गरीब नव्हे. ‘तेक्लिफ’ म्हणजे प्रस्ताव. आणि ‘फाकात’ म्हणजे ‘पण’. ‘फक्त’ समजून वापरलात तर वाक्याचा अर्थच फिरतो. भाषांतराच्या कामात सुरुवातीला मी यावरच सगळ्यात जास्त चुका केल्या.

शाकाहारी असाल तर ‘एतसिझ’ हा शब्द पाठ करा, मांस नसलेलं. पण डाळीचं सूप, मेर्जिमेक चोर्बासि, बऱ्याच ठिकाणी मांसाच्या पाण्यात करतात, म्हणून ‘एत सुयु वार मि?’ हेही विचारा. ‘झेयतिनयाली’ म्हणजे ऑलिव्ह तेलातल्या भाज्या, त्या बहुतेक बिनमांसाच्या. चहा कोरा मिळतो, छोट्या कंबरेच्या पेल्यात. कडक नको असेल तर ‘आचिक’ म्हणा.

कागदपत्रांचं थोडक्यात. निवास परवान्याचा ऑनलाइन अर्ज पहिल्याच आठवड्यात भरायला घ्या, कागद जमवण्यातच दिवस जातात. परदेशातून नेलेला फोन तिथल्या सिमवर १२० दिवस चालतो, पुढे नोंदणी लागते आणि ती महाग आहे. खोली बदलायची वेळ आली तर लेखी करार हातात आल्याशिवाय अनामत देऊ नका. मी एका मध्यस्थाच्या तोंडी भरवशावर दिली आणि ती गेली. पर्यटकांच्या रस्त्यांवर बूटपॉलिशवाला पुढे चालताना ब्रश पाडतो. तुम्ही उचलून दिलात की आभार म्हणून बूट चमकवतो आणि मग पैसे मागतो. बालातच्या गल्ल्या दिवसा निर्धास्त फिरा. वरच्या अंगाच्या सुनसान गल्ल्यांत मात्र पहिले काही आठवडे अंधारानंतर जाऊ नका.

वर्गात पहिल्या दिवशी पातळी तपासतात. थोडंफार येत असलं तरी अगदी पहिल्या पातळीलाच बसा, स्वर तिथेच बसतात. मधल्या सुटीत सगळे इंग्रजीत गप्पा मारतील. इंग्रजी बेताचं असल्याने तुम्हाला तुर्कीतच बोलावं लागेल, आणि डिसेंबरपर्यंत फरक तुम्हालाच दिसेल.

वर्ग सोमवारी सुरू होत असेल तर आदल्या रविवारीच एकदा फेनेरला उतरा. रविवारी तिथे फोटो काढणाऱ्यांची दाटी होते, म्हणून सकाळी लवकर जा. तेव्हा गल्लीत फक्त मांजरं आणि पाव घ्यायला निघालेले लोक असतात. लेब्लेबिजिलेरच्या पाटीसमोर उभे राहा, मोठ्याने तीन तुकड्यांत वाचा, मग एखाद्या दुकानात जाऊन शंभर ग्रॅम फुटाणे घ्या. शंभरला ‘युझ’ म्हणतात. दोन टिंबांचा ‘यू’, ओठ गोल.